बिनलसणाची बातमी

आमच्या आक्काच्या चटणीत लसूण नाही, ही बातमी मी चार महिने दाबून ठेवली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीत दिलेली. आम्ही जैन, घरात कांदा-लसूण येत नाही. तिनं घराच्या पुढच्या खोलीत चटणीचं दुकान काढलं. दिरांनी मुदत घातली होती : दसऱ्यापर्यंत गिऱ्हाईक लागलं तर ठीक, नाहीतर खोलीत तंबाखूची पोती. इंटरनेटवरच्या जाहिरातीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. (बेळगावच्या एका दैनिकात मी बावीस वर्षं इतरांचा मजकूर कापतोय. एवढी पात्रता पुरेशी वाटली!)

"लसूण न्हाय हे लिव्हलंयस न्हवं?" आक्कानं फोनवर विचारलं.

"आक्का, हा कांदा-लसूण चटणीचा मुलूख. 'बिनलसणाची' म्हटल्यावर कोण येणार? 'अस्सल झणझणीत' एवढंच लिहिलंय."

"आनि खाल्ल्यावर कळंल की रं!"

कळलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं एक तारा देऊन लिहिलं, "लसूण हुडकून दमलो."

मी तो अभिप्राय काढायला गेलो. निघेना! मंत्र्याचं तासाभराचं भाषण मी दोन ओळींत बसवतो; इथं तीन शब्दांपुढं हात टेकले. मग उतारा म्हणून पुढच्या काही महिन्यांत माझ्या घरच्या सहा जणांच्या नावानं पाच-पाच तारे दिले. मजकूर माझाच. चुलत्यांच्या नावावर : "चवीबाबत सर्वत्र समाधान व्यक्त होत आहे." बायकोच्या नावावर : "चटणी चविष्ट असल्याचे समजते."

"समजते म्हंजे?" बायको कडाडली. "मी खाल्ली न्हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या अभिप्रायांखाली कुणीतरी विचारलं, "सहाही जणांचं आडनाव एकच कसं काय ओ?"

तेव्हा आक्कानं सूत्रं हातात घेतली. मोबाईलपुढं बोलून तिनं परस्पर उत्तर टाकलं : "व्हय, आमची चटणी बिनलसणाची. आमच्यात लसूण खात न्हाईत. फसल्यागत वाटलं असंल तर डबा परत आणा. लसणाची पायजे तर मागच्या गल्लीत मिळती, चांगली असती. आनि ते सहा जण माझ्या भावानं घरात बसून लिव्हल्यात, ते धरू नका."

मी पहिली बस धरून निपाणी गाठली. "आक्का, दुकान बुडवलंस!"

ती काही बोलणार एवढ्यात फोन वाजला. चिकोडीची एक बाई कन्नडमध्ये विचारत होती, "बेळ्ळुळ्ळि इल्ल, हौदल्ल?" लसूण नाही, हे खरं ना?

"हौद्री," आक्कानं होकार दिला.

बाईला दोन्ही भाषा येत; तिनं मोबाईलवर मराठीत 'बिनलसणाची चटणी' असं शोधलं होतं. तो शब्द आमच्या पानावर फक्त आक्काच्या उत्तरात होता. चार महिने मी तोच तेवढा लपवला होता! पाठोपाठ सदलग्याहून फोन आला, मग बेळगावहून; सगळी आमच्यासारखीच लसूण न खाणारी घरं. दसऱ्याला दीर खोली बघायला आले आणि डब्यांतून वाट न मिळाल्यानं दारातूनच परत गेले. पोती दुसरीकडं पडली.

आक्कानं माझ्यावर आजवर बरेच उपकार केलेत. जाहिरात माझ्या हातून काढून घेतली, हा त्यातला सर्वांत मोठा. परतफेड म्हणून मी दर रविवारी दुकानात बसतो.

गेल्या आठवड्यात नवा अभिप्राय आला : "चटणी झकास. पण रविवारी बसणारा माणूस लई बोलतो."

"आक्का, याला काहीतरी उत्तर दे," मी विनवलं.

तिनं लगेच दिलं : "व्हय, भाऊ हाय माझा. सोमवारी या."