इब्रीचा स्पॅनिश बचावपटू आणि माझा सर्व्हे

मस्कतहून ओमानच्या आतल्या भागातल्या इब्रीला कोणी हौसेने जात नाही. लोक सलालाला जातात, फार तर निझ्व्याचा किल्ला बघून परततात. मी मात्र तीनशे किलोमीटर गाडी हाकत गेलो, ते एका माणसाला खोटं पाडायला.

आधी माझा धंदा सांगतो. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका ऑफिसात मी विम्याचे क्लेम तपासतो. गाडी खरंच ठोकली का, गोदाम जळालं तेव्हा आत माल होता का, असा सर्व्हे करायचा मला पगार मिळतो. त्यात मूळचा पुण्याचा. बायको म्हणते, तू देवळात चपलांवर एक डोळा ठेवून नमस्कार करतोस. मुलांच्या शाळेसाठी ती दोन वर्षांपूर्वी पुण्याला परतली आणि तेव्हापासून माझा प्रत्येक शुक्रवार, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस, शहराच्या कडेला माबेल्यात इनासकडे जातो.

इनास वसईचा, एका हॉटेलात एसीची देखभाल करतो. शुक्रवारी सकाळी वसईकर पोरांची टीम मोकळ्या मैदानावर खेळते. इनास त्यांचा कोच, मी लाइनवर झेंडा घेऊन उभा. नंतर इनासच्या घरी त्याच्या बायकोच्या, फिलोमिना वहिनींच्या हातचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि मटण. परदेशात माझ्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

एका शुक्रवारी इनासने जेवताना एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. इब्रीच्या एका क्लबचा स्पॅनिश कोच, एमिलियो, सामन्यासाठी मस्कतला आला असताना इनासच्या हॉटेलात उतरला होता. त्याच्या खोलीचा एसी दुरुस्त करायला गेलेला इनास दोन तास फुटबॉलवर बोलत बसला. आता तो इनासला मदतनीस म्हणून बोलावत होता. एमिलियो म्हणे नव्वदच्या दशकाच्या आसपास स्पेनमध्ये अकरा हंगाम व्यावसायिक बचावपटू होता.

"पुढच्या शनिवारपर्यंत कळवायचंय. मग हॉटेलचा जॉब खलास," इनास म्हणाला. त्याचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. मला लगेच संशय आला. असा खेळाडू इब्रीत कशाला येईल?

शनिवारी ऑफिसात पोचल्या पोचल्या पत्रावरचं नाव इंटरनेटवर शोधलं. एक दंतवैद्य मिळाला, एक नगरसेवक मिळाला. फुटबॉलपटू नाही. मी वहिनींना फोन करून सांगितलं, "माणूस बनावट आहे." त्या म्हणाल्या, "सुहासभाऊ, तुम्ही स्वतः जाऊन बघा ना. तुमच्या नजरेतून काय सुटत नाय."

गुरुवारी रजा टाकून सकाळी सहाला माबेल्यातून इनासला उचललं. टाकी मस्कतमध्येच भरून घ्या. फंजापर्यंत डोंगर सोबत असतात, इझ्कीनंतर रस्ता सरळ आणि झोप आणणारा. निझ्व्याच्या अलीकडे एका मल्याळी टपरीत पराठा, अंडं आणि बिनदुधाचा सुलेमानी चहा, दोघांचं मिळून रियालभरात भागलं. वाटेत मी इनासला विचारत होतो: त्याने फोटो दाखवले का? मेडल? कात्रणं?

"तू पोलीस आहेस का रे?" इनास म्हणाला. "एसीचा आवाज ऐकून बिघाड ओळखतो मी. माणूस खोटं बोलला तरी मला कळतं."

बहलाच्या पुढे जबरीनचा किल्ला आहे. तिकीट पाचशे बैसा, म्हणजे अर्धा रियाल, आणि चुकवू नका. तिथल्या एका दालनात जमिनीखाली शिपाई लपायची जागा आहे. ज्यांच्यावर विश्वास नाही अशा पाहुण्यांना इमाम, म्हणजे तेव्हाचा राजा, तिथे भेटायचा. रखवालदाराने फट दाखवली तेव्हा मला त्या इमामाबद्दल जिव्हाळाच वाटला. इनास बाहेर सावलीत बसून शिट्टी वाजवत होता.

इब्रीला दुपारी पोचलो. रेस्ट हाउस बारा रियाल, चादरी स्वच्छ, नळाला खारं पाणी. बाजारात बांगलादेशी शिंपी, मलबारी किराणावाले, खजुरांचे ढीग. ऊन उतरल्यावर मैदानावर गेलो.

एमिलियो पन्नाशीचा, टक्कल पडलेला, डाव्या पायाने जरा लंगडणारा निघाला. मला वाटलं, लंगडणं सोयीचंच आहे, खेळून दाखवायला नको. हिरवळीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून मी त्याची कारकीर्द विचारायला घेतली. तो मोडक्या इंग्रजीत सांगत होता. वडील कौलांच्या कारखान्यात. पहिलं मैदान त्याच कारखान्यामागचं, तुकड्यांनी गुडघे फोडणारं. आधी बचावात उजव्या कडेला, मग उंची वाढल्यावर बचावाच्या मध्यभागी. नऊ हंगाम दुसऱ्या श्रेणीत, दोनच पहिल्या.

"आणि गोल किती?" मी विचारलं.

"दोन," तो म्हणाला. "त्यातला एक आमच्याच जाळ्यात."

दुसऱ्या श्रेणीत घसरायचं की टिकायचं अशा शेवटच्या सामन्यात तो गोल झाला होता. संघ घसरला. पुढे महिनाभर त्याच्या आईला गावातला बेकरीवाला बोलेना, म्हणून ती पाव आणायला पुढच्या गावी जायची. हे सांगताना एमिलियोने माझ्याकडे पाहिलं नाही, मैदानाकडे पाहिलं.

मी अस्वस्थ झालो. खोटा क्लेम करणारा आपली चूक कधी सांगत नाही, हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलेलं. पण नाव तर सापडलं नव्हतं. शेवटी मी तोंडावरच म्हणालो, "मी तुमचं नाव शोधलं. या नावाचा खेळाडूच नाही."

इनासने कपाळाला हात लावला. एमिलियोने शांतपणे विचारलं, "कुठलं नाव?"

मी पत्र काढून आडनावावर बोट ठेवलं. तो एवढा हसला की पाण्याची बाटली कलंडली. त्यांच्याकडे प्रत्येकाला दोन आडनावं: आधी वडिलांचं, शेवटी आईचं. माणूस ओळखला जातो तो पहिल्यावर. आपल्याकडे शेवटी येतं ते आडनाव, म्हणून पत्र टाइप करताना क्लबच्या कोल्हापूरकर कारकुनाने मधलं ते आडनाव नसून वडिलांचं नाव आहे असं समजून गाळलं आणि शेवटचं ठेवलं. मीही तेच शोधत बसलो.

"तुम्ही माझ्या आईला शोधत होता," एमिलियो म्हणाला. "ती चांगली खेळली असती." मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तुम्ही बचावपटू व्हायला हवं होतं. आम्हीही कुणावर विश्वास ठेवत नाही. चेंडू फसवतो, डोळे फसवतात. समोरच्याची कंबर बघायची."

ती आडनावं इथे देत नाही. माझे वाचक माझ्यासारखेच असणार, शोधत बसतील.

मग त्याने इनासला सरळ सांगितलं, करार वर्षाचा आहे, अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, मन फिरलं तर उद्या घरी. नीट विचार कर. इनास उठून मैदानात गेला आणि सरावाला आलेल्या बचावपटूंना कंबर बघायला शिकवू लागला, मोडक्या अरबीत, ओरडून, हातवारे करून. एमिलियो बघत राहिला. मीही.

शुक्रवारी परत निघालो. इनास दोनशे किलोमीटर झोपला आणि मी पहिल्यांदा स्वतःचा सर्व्हे केला. शनिवारी इंटरनेटवर ते नाव मिळालं नाही तेव्हा मला इनासची काळजी वाटली होती का? नाही. मला आनंद झाला होता. हा माणूस बनावट निघाला की इनास माबेल्यात राहणार, शुक्रवार राहणार, झेंडा राहणार. मला तो खोटाच हवा होता. अजूनही एक वाक्य पुरेसं होतं: वहिनी, कागद जुळत नाहीत. माझ्या शब्दावर त्यांनी इनासला जाऊच दिलं नसतं.

माबेल्याला पोचलो. इनास पिशव्या घेऊन आत गेला. वहिनी दारातच थांबल्या आणि हळू आवाजात विचारलं, "काय निघालं?"

"माणूस खरा आहे, वहिनी. आणि इनासला तिथे बघितलंत तर तुम्हीच त्याची बॅग भराल."

त्यांनी दार मागे ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला 'नाही' म्हणायला पाठवलं होतं, सुहासभाऊ."

"मलाही 'नाही'च म्हणायचं होतं," मी म्हणालो.

शनिवारी ऑफिसात पहिलं आडनाव टाकलं. एका जुन्या पानावर तो सापडला, डोक्यावर भरपूर केस असलेला. अकरा हंगाम, दोन गोल, त्यातला एक उलटा. क्लेम मंजूर करून चुकलो नव्हतो, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

इनास महिनाभरात इब्रीला गेला. शाळेची परीक्षा संपल्यावर वहिनी आणि मुलंही गेली. मी आता दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी निघतो. टपरीवाला पराठा सांगायच्या आधीच टाकतो. इब्रीच्या मैदानावर लाइनला उभं राहायला माणूस हवाच असतो, म्हणून झेंडा मी गाडीतच ठेवतो.