आरशावरचा अंगठा

किस्से गोळा करायला पोलिसाला कुठं जावं लागत नाही. पंचवीस वर्षं नोकरी झाली की पँटला कुसळं चिकटावीत तसे ते आपोआप चिकटतात. मित्रमंडळी चहाला बसली की म्हणतात, "चौगुले, काढा की एखादा," आणि मी काढतो. पण खरं सांगू? सगळ्यात जास्त किस्से मला चोरांनी दिले नाहीत. ते मिळाले पंधरा दिवसांच्या एका कोर्समध्ये. घटनास्थळाचा तपास कसा करायचा, बोटांचे ठसे कसे उचलायचे, हे शिकवायला आम्हा तीस हवालदारांना कोल्हापुरात बोलावलं होतं. आता सांगताना मजा वाटते. तेव्हा पंधरापैकी तेरा दिवस माझ्या पोटात नीट अन्न गेलं नव्हतं.

* * *

पहिला दिवस. क्लार्कनं आम्हाला एका खोलीत बसवलं आणि सांगितलं, "मॅडम येतील. तोवर कशालाही हात लावू नका." समोर लांबलचक टेबल, त्यावर काच.

दहा मिनिटांनी इनामदार मॅडम आल्या. ठसेतज्ज्ञ. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, आणि चष्मा सारखा कुठंतरी विसरणाऱ्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ब्रश काढला, काळी पावडर काढली आणि टेबलाच्या काचेवर फिरवायला लागल्या. बघता बघता काच बोटांनी भरून गेली. तीस माणसं, एकालाही दहा मिनिटं हात आवरला नव्हता.

मग मॅडम खिडकीकडं गेल्या. खिडकीच्या काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, एक कपाळ उमटलं. त्याच्या खाली एक गोळा.

"हे कुणाचं?"

इचलकरंजीचा मगदूम उभा राहिला. "मॅडम, हात न्हाय लावला मी. चावाला कुठवर आलाय तेवढं बघत हुतो."

"हात नाही लावलात, बरोबर. नाक लावलंत," मॅडम म्हणाल्या. मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "लक्षात ठेवा. घटनास्थळी सगळ्यात जास्त घाण चोर करत नाही. तिथं पहिला पोचलेला पोलीस करतो."

त्या वाक्याला सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो.

* * *

दुसऱ्या दिवशी शाई. प्रत्येकानं स्वतःची दहाही बोटं शाईत घोळवून कागदावर उमटवायची आणि तो कागद वहीत चिकटवायचा. मगदूम सकाळपासून खुशीत होता. लहानपणी त्याच्या आज्जीनं त्याची बोटं बघून सांगितलं होतं, की पोराच्या दहाही बोटांवर चक्रं आहेत, हा राजा होणार.

मॅडमनी भिंग लावून मोजलं. नऊ शंख, एक चक्र.

मगदूमचं तोंड उतरलं. "आज्जीला मोतीबिंदू हुता मॅडम," तो म्हणाला. थोड्या वेळानं परत म्हणाला, "तरीच हवालदार झालो."

मग माझी वही आली. माझ्या डाव्या अंगठ्यावर तिरकी पांढरी रेघ आहे. शाळेत असताना ऊस धरला होता, विळा बोटावर आला. मॅडमनी तो ठसा सगळ्या वर्गाला दाखवला. "बघा, जखमेचा वण आतपर्यंत गेला की जन्मभर जात नाही. चौगुले, तुम्ही ह्या अंगठ्यानं चोरी करू नका. लगेच सापडाल."

वर्ग हसला. मीही हसलो. ते माझं शेवटचं मोकळं हसणं.

* * *

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पडद्यावर एक ठसा लावला. म्हशीएवढा मोठा.

"हा आमचा जुना पाहुणा," त्या म्हणाल्या. "दहा-बारा वर्षं झाली. घरफोडी. स्टीलच्या कपाटाच्या आरशावर हा एकच ठसा मिळाला. घरातल्या माणसांशी जुळला नाही. तीन संशयित होते, त्यांच्याशीही जुळला नाही, म्हणून ते सुटले. दर बॅचला मी हा दाखवते."

ठशाच्या मधून एक तिरकी रेघ गेली होती.

"ही रेघ?" कुणीतरी विचारलं.

"वण असेल. नाहीतर आरशावरचा ओरखडा असेल. ठसा अर्धवट आहे, नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही."

मग त्यांनी जागा सांगितली. कळंब्याच्या अलीकडची एक कॉलनी, एकट्या राहणाऱ्या रिटायर शिक्षिका, आईच्या वेळचा कोल्हापुरी साज गेला. त्या शिक्षिका म्हणजे आमच्या माने बाई. गडमुडशिंगीच्या शाळेत त्यांनी मला चौथीला शिकवलं होतं. आणि त्या सकाळी त्यांच्या घरात पहिला पोचलेला पोलीस मी होतो.

मला सगळं आठवत होतं. बाई कॉटवर बसल्या होत्या. शेजारीपाजारी दारात जमले होते. कपाट सताड उघडं, आतले कपडे लोंबत होते, आणि परक्या लोकांसमोर ते बाईंना बघवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "संजू, तेवढं दार लाव रे." मी लावलं. मास्तरणीनं सांगितलं की करायचं, एवढंच डोक्यात. नंतर ठसेवाले आले, घरातल्यांचे ठसे घेतले. माझे घेतले नाहीत. मीही काही बोललो नाही. खरंच लक्षात आलं नाही.

आठवत नव्हतं ते एवढंच, की दार कुठल्या हातानं लावलं.

मी पडद्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं. फोटो काढून घ्यावा, तर वर्गात मोबाइल आणायची परवानगी नव्हती. मॅडमनी पुढचं चित्र लावलं आणि ठसा गेला.

* * *

त्या संध्याकाळी घरी गेलो. आमच्या बेडरूममध्येही आरशाचं कपाट आहे. मी ते उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या. दाराची कड धरली की अंगठा बरोब्बर आरशावर येतो, तेवढं कळलं. पण कुठला हात आपणहून पुढं जातो, ते काही केल्या कळेना. मुद्दाम करायला गेलं की दोन्ही हात शहाणे होतात.

बायको दारात उभी राहून बघत होती. "काय करालायसा ओ?"

"प्रॅक्टिस."

"कपाट लावायची?"

"कोर्सला हाय."

तिनं आणखी दोन-तीन वेळा बघून घेतलं. मग म्हणाली, "पंचवीस वर्षं नोकरी झाली, आणि आता सरकार तुम्हाला कपाट लावायला शिकवालंय व्हय? माझी कापडं आत हायत, दार मोडशीला."

तिला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. सहायक फौजदाराच्या बढतीची यादी येणार होती. ह्या वेळी माझं नाव नक्की होतं. घटनास्थळ बिघडवलं म्हणून चौकशी लागली असती तर यादी माझ्याशिवाय निघाली असती. आणि आरशावर माझा ठसा म्हटल्यावर साज कुणी नेला, असंही कुणीतरी विचारलंच असतं. मी तसा भित्रा माणूस नाही. पण त्या रात्री भाकरी ताटातच राहिली.

* * *

आठव्या दिवशी खोटी चोरी. एका खोलीत सामान विस्कटून ठेवलं होतं. आत जायचं, कशाला धक्का न लावता पुरावा शोधायचा, पाकिटात घालायचा, वर चिठ्ठी लावायची.

मगदूमचा नंबर पहिला. गडी वाघासारखा आत शिरला आणि अर्ध्या तासात चौदा पाकिटं भरून बाहेर आला. मॅडमनी तपासायला पहिलं पाकीट घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग टेबल चाचपायला लागल्या. खिसे चाचपले.

"माझा चष्मा कुणी बघितला का?"

सगळा वर्ग त्यांच्या हातातल्या पाकिटाकडं बघायला लागला. शेवटी मीच पाकिटावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली. 'पुरावा क्रमांक एक. आरोपीचा चष्मा.'

"खिडकीत हुता ओ मॅडम," मगदूम म्हणाला. "मला वाटलं, मुद्दाम ठेवलाय."

नंतर माझा नंबर. मी उंबऱ्यावरच उभा राहिलो, दोन्ही हात खिशात घालून. पाय आत जाईना. नुसत्या नजरेनं काय काय दिसतंय ते तिथूनच सांगितलं.

मॅडम खूश झाल्या. "ह्याला म्हणतात पोलीस. चौगुल्यांसारखं उभं राहायला शिका," त्या वर्गाला म्हणाल्या. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

मगदूम कानाशी आला. "पावणं, एवढं कुठं शिकलासा?"

मी म्हटलं, "वयानं येतंय."

* * *

त्यानंतरच्या रविवारी भाजी आणायला गेलो. मेथीची पेंडी हातात घेतली आणि मागून आवाज आला, "संजू?"

माने बाई. पाठीत वाकल्यात, पण आवाज तोच, चौथीच्या वर्गातला. दर वर्षी कधी ना कधी भेटतात आणि दर वर्षी तेच विचारतात. "ठसा आहे ना रे अजून तुमच्याकडं?"

"हाय की बाई."

"मग सापडेल. ठसा खोटं बोलत नाही, असं तेव्हाचे साहेब म्हणाले होते. आईचा साज आहे तो. मी आहे तोवर मिळावा एवढंच."

मी मान हलवली. मेथीवाली पैसे मागत होती, ते मला ऐकूच येत नव्हतं.

जाता जाता बाई म्हणाल्या, "आरशाची ती कड मी अजून पुसलेली नाही रे. काळी पावडर तशीच आहे."

"अजून? कशाला बाई?"

"पुसू नका म्हणून तुम्ही पोलिसांनीच सांगितलं होतं. पुसा म्हणून कुणी सांगायला आलंच नाही."

पिशवी घेऊन त्या निघून गेल्या. बढती, चौकशी, सगळं एका बाजूला राहिलं. बारा वर्षं ही बाई रोज त्या आरशात केस विंचरते, आणि त्यात कदाचित माझा अंगठा बघते. मला स्वतःची फार लाज वाटली.

* * *

शेवटचा दिवस. सर्टिफिकेटं वाटायची होती. बाहेर मगदूम सगळ्यांना फोटोसाठी ओळीत उभं करत होता. मी वही घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"मॅडम, तो पडद्यावरचा ठसा. आरशावरचा. तो माझा असंल असं मला वाटतंय."

मग सगळं सांगितलं. बाई, कपाट, लोंबणारे कपडे, दार. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चक्क हसल्या.

"बसा हो चौगुले. दर बॅचला एक जण येतोच. कुणाला झोप नाही, कुणाला जेवण नाही. मागच्या वेळचे एक जण तर ह्याच खुर्चीत बसून रडले. जन्मात कळंब्याला गेले नव्हते बिचारे! ठसे शिकायला लागलं की प्रत्येकाला सगळीकडं आपलाच दिसतो." त्यांनी शिपायाला दोन चहा सांगितले. "वही द्या. एक मिनिटात भिंग खाली ठेवते. मग चहा पिऊ आणि फोटोला जाऊ."

माझ्या छातीवरचा दगड निम्मा तरी हलला. कपाटातून त्यांनी जुनी फाइल काढली, फोटो माझ्या वहीशेजारी ठेवला, चष्मा शोधला, घातला आणि भिंग लावून वाकल्या.

चहा आला. मी माझा कप उचलला. त्यांच्या कपावर साय धरली. बाहेरून मगदूम दोनदा ओरडून गेला, "चौगुले, या की! फोटो थांबलाय!"

मॅडमनी टाचणीचं टोक आधी फोटोवर टेकवलं, मग वहीवर. परत फोटोवर. ओठ हलत होते. त्या काहीतरी मोजत होत्या. भिंग काही खाली ठेवलं नाही.

बऱ्याच वेळानं, मान वर न करता, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चौगुले, जरा दार लावून घ्या."

मी उठलो आणि दार लावलं. लावल्यावर लक्षात आलं, उजव्या हातात चहाचा कप होता.