बहात्तर किलो, अधिक-उणे अर्धा

आमच्या साडूला पगार मिळतो तो बसण्याचा. तसा तो पुष्कळांना मिळतो, पण याच्या नेमणुकीच्या पत्रावर तसं लिहिलेलं आहे, एवढाच फरक. दिवसभर तो बाकांवर बसतो, खुर्च्यांवर बसतो, दारांतून जातो-येतो, जिन्यांचे कठडे धरतो आणि मी फळीला कागद लावून ते सगळं लिहून घेतो. मी त्याच्यापेक्षा जास्त शिकलेला आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगायला जागा मिळेल की नाही ते माहीत नाही.

आमचं ऑफिस लोकांच्या वापरातल्या वस्तू तपासतं. रस्त्यावरचा बाक, दवाखान्यातली खुर्ची, शाळेचं दार, सगळं आधी आमच्याकडे येतं आणि आमच्याकडे त्यासाठी चारशे बारा पानांची संहिता आहे. तिच्यात बाकाची व्याख्या अशी दिली आहे: ‘ज्यावर बसता येते तो बाक, परंतु ज्यावर बसता येते ते सर्व बाक नव्हे.’ दुसरा भाग नंतर घातला. एका अधिकाऱ्याने ऑफिसच्या पायरीलाच बाक म्हणून मंजुरीचा शिक्का मारला होता.

बाकावर तीनदा बसायचं असतं. एकदा हलकेच, एकदा नेहमीसारखं आणि एकदा थकून. थकून म्हणजे किती, तर ‘चार मजले चढल्यावर’, असं परिशिष्टात दिलेलं आहे. आमची इमारत तीन मजली. म्हणून साडू तीन मजले चढतो, खाली उतरतो, पुन्हा एक मजला चढतो, पुन्हा उतरतो आणि धापा टाकत येऊन बसतो. उतरताना माणसाचा थकवा वाढतो की कमी होतो यावर दोन बैठका झाल्या. एकमत झालं नाही, मुद्दा अजून प्रलंबित आहे.

हे सगळं करणाऱ्या माणसाला संहितेत ‘प्रमाण व्यक्ती’ म्हणतात. उंची एकशे सत्तर सेंटीमीटर, वजन बहात्तर किलो, अधिक-उणे अर्धा, देहास कोणताही कृत्रिम जोड नसावा. ही जागा अकरा वर्षांपूर्वी निघाली तेव्हा ती बातमी घरी मीच आणली. सासूबाईंकडे सगळे जेवायला बसलो होतो आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ही जागा आता माझीच. साडू तेव्हा छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता आणि छापखाना बंद पडायच्या बेतात होता. तो नुसतं ‘अस्सं’ म्हणाला. आमची उंची सारखीच आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या बायकोच्या आलं.

वजनाच्या दिवशी मी भरपेट न्याहारी करून गेलो, कारण शुभ कामाला रिकाम्या पोटी जाऊ नये असं बायकोचं म्हणणं. भरलो बहात्तर किलो सातशे ग्रॅम. साडूचं पोट आदल्या दिवसापासून बिघडलेलं. तो भरला बहात्तर तीनशे. दोनशे ग्रॅमने माझी जागा गेली. आजही मी पाण्याचा पेला उचलला की मला तेवढं वजन हातात कळतं.

तेव्हापासून तो प्रमाण व्यक्ती आणि मी त्याची नोंद घेणारा कारकून. त्याला पगारावर देहभत्ता मिळतो, मला पेन मिळतं. गावभर जिथे जाऊन बसाल तिथे खाली पितळी पट्टी आहे, ‘प्रमाण व्यक्तीच्या बैठकीने मंजूर’. मी बागेत जाऊन बसलो तरी साडूच माझ्या खाली. त्यात तो थोरला जावई. सासूबाई त्याला पहिल्यांदा वाढणार आणि तो ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणणार, कारण वजन सांभाळायचं. मग सगळं घर त्याच्याकडे कौतुकाने बघणार. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं की बायको हळूच म्हणायची, “दाजींकडून शिका जरा काहीतरी.”

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. साधासुधा नाही, आतून बाहेरून. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण हा माणूस कधी मोठ्याने बोलत नाही, कुणाचं उणं काढत नाही. अकरा वर्षं माणसांच्या वजनाचाच विचार करून त्याला एक विद्या मात्र आली आहे. समोरच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघून तो वजन सांगतो, अर्ध्या किलोच्या आत. मी ऐंशीवर गेलो तेव्हा त्याने नुसतं बघितलं होतं, बोलला काही नाही. ते न बोलणं मला फार झोंबलं.

त्याच दिवशी ठरवलं की बहात्तरवर यायचं. या वयात सगळेच सुटतात, हाही आज ना उद्या सुटेल, साडेबहात्तरच्या वर जाईल, जागा रिकामी होईल, तेव्हा मी तयार हवा. ऑफिसला चालत जायला लागलो. गोड सोडलं. बायकोला वाटलं मला तब्येतीची अक्कल आली. दर सोमवारी ऑफिसच्या काट्यावर उभा राहायचो. आकडा शहात्तरपर्यंत खाली आला आणि तिथेच अडून बसला. पँट कमरेवरून घसरायला लागली तरी काटा शहात्तरच. मी रडकुंडीला आलो.

मग एकदा ऑफिसच्या ओट्याच्या कामासाठी सिमेंटची पोती आली. पन्नास किलोचं पोतं आमच्या काट्यावर चौपन्न भरलं. दुसरंही चौपन्न. सिमेंटवाले एकाएकी इतके उदार झाले असतील हे मला पटेना.

आता आमच्या काट्याची गोष्ट सांगायला हवी. ऑफिसची इमारत बदलताना काटा तपासायची लोखंडी वजनं हरवली. संहिता सांगते की काटा दर महिन्याला ‘ज्ञात वजनाशी’ जुळवून घ्यावा. ऑफिसात ज्ञात वजन एकच होतं, आमचा साडू. तेव्हा दर एक तारखेला तो काट्यावर उभा राहतो, काटेवाला मागचा स्क्रू फिरवतो आणि काटा बहात्तरवर आला की सही करतो. मग त्याच काट्यावर साडूचं वजन करतात आणि ते बहात्तर भरतं. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि इतक्या शिकलेल्या माणसांत कुणाला काही वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

संध्याकाळी मी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर चढलो. बहात्तर किलो शंभर ग्रॅम. मी खाली उतरलो, पुन्हा चढलो. तेवढंच. म्हणजे आमचा काटा चार किलो जास्त दाखवत होता. म्हणजे साडू सुटला नव्हता, वाळला होता. तो अडुसष्टवर होता आणि मी बहात्तरवर. त्या दुकानदाराकडून मी उगाचच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या.

वार्षिक पडताळणी जवळ आली होती. संहितेत एक कलम आहे की शंका आल्यास वजन बाहेरच्या यंत्रावर करावं. मी शंका आल्याचं लेखी दिलं आणि औषधवाल्याचा काटा उसना आणला. साडू आला. त्याने नव्या काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत.  कोट काढून ठेवला, बूट काढले, खिशातल्या किल्ल्यासुद्धा काढल्या आणि उभा राहिला.

“लिहा, साडूभाऊ,” तो म्हणाला.

मी अडुसष्ट लिहिलं.  चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं, अंकी आणि अक्षरी.

फाईल वर गेली. निकाल लागेपर्यंत साडूला पत्र मिळालं की ‘वजन निश्चित होईपर्यंत सदर व्यक्तीने कार्यालयातील कोणत्याही वस्तूवर बसू नये’, कारण त्याचं बसणं म्हणजे चाचणी आणि चाचणीला आता अर्थ नव्हता. तीन आठवडे तो माणूस ऑफिसात उभा होता. दुपारचा डबासुद्धा खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभ्याने खायचा. मी समोर खुर्चीत बसून बघायचो. डब्यात नेहमी काहीतरी पातळ असायचं, पेजेसारखं.

त्याचं कारण मेहुणीकडून कळलं. ती आमच्याकडे येऊन रडली. म्हणाली, “अगं, दीड वर्ष झालं, यांच्या चार दाढा काढल्या. डॉक्टर कवळी बसवा म्हणतात. हे म्हणतात, नियमात कृत्रिम जोड चालत नाही, नोकरी जाईल. चावता येत नाही म्हणून नुसतं पातळ पिऊन राहतात. वजन उतरणार नाही तर काय होणार?”

बायको माझ्याकडे वळली. “अहो, फाईल तुमच्या हातातली आहे ना? काहीतरी करा.”

मी बघतो म्हणालो. मला वाईट वाटलं. पण माझा अर्ज टेबलाच्या खणात लिहून तयार होता, बहात्तर शंभरच्या दाखल्यासकट, आणि तो फाडण्याइतकं वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तो साहेबांकडे दिला.

समितीची बैठक दोन दिवस चालली. माणूस बदलायचा तर त्याच्या बैठकीने मंजूर झालेल्या हजारो बाकांची, खुर्च्यांची आणि दारांची नव्या माणसाकडून फेरतपासणी करावी लागली असती. आकडा बदलायचा तर एक शुद्धिपत्रक पुरत होतं. साहेबांनी मला बोलावून माझा अर्ज परत दिला. वर म्हणाले, “तुमच्या दक्षतेची नोंद घेतली आहे.”

शुद्धिपत्रक निघालं: ‘संहितेत जेथे जेथे बहात्तर आहे तेथे तेथे अडुसष्ट वाचावे.’ त्यामुळे बहात्तराव्या पानालाही अडुसष्टावं म्हणायची पाळी आली. आता संहितेत अडुसष्ट क्रमांकाची दोन पानं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. साडू पुन्हा खुर्चीत बसला. मी सव्वा वर्ष उपाशी राहून पुन्हा चार किलोंनी जास्त झालो.

त्या रात्री मी गोड खाल्लं, आणि मग रोजच खाऊ लागलो.

महिन्याभराने सासूबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. दारातच त्या मला म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही खरं ते लिहिलंत म्हणून हे प्रकरण एकदाचं मिटलं. नाहीतर यांनी लपवत लपवत जीव दिला असता.” मेहुणीने माझ्यासाठी आधी पाट मांडला. बायको माझ्याकडे अशी बघत होती, जशी लग्नानंतर पहिली दोन-तीन वर्षं बघायची. साडूनेच सगळ्यांना सांगितलं होतं की हे साडूभाऊंमुळे झालं. जी आग मी लावायला गेलो तिच्यावर या लोकांनी माझ्यासाठी पाणी तापवलं होतं, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती.

मी हात धुवायला मोरीवर गेलो. साडू मागून टॉवेल घेऊन आला.

“कवळी बसवली का?” मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

“कशी बसवणार? कृत्रिम जोड तो कृत्रिम जोडच. शिवाय चावायला लागलो तर वजन वाढेल. आता अडुसष्टवर राहायचंय.” तो हसला तेव्हा आतली रिकामी जागा दिसली. मग आवाज उतरवून म्हणाला, “साडूभाऊ, त्या दिवशी मला खिशात वजनं घालून येता आलं असतं. दोन किलोची दोन मापं मी वाण्याकडून आणूनही ठेवली होती. कोटाच्या खिशातच होती.”

“मग?”

“आत आलो आणि तुम्हाला बघितलं. बरोबर बहात्तर होतात. इतके दिवस तुम्ही कशासाठी चालत येत होता ते मला ठाऊक होतं. म्हटलं, माझं तर होत नाही आता. जाऊ दे. जागा निदान घरात तरी राहील.”

मी टॉवेल घेतला. हात पुसून झाले तरी पुसत राहिलो. अकरा वर्षं त्याच्या नोकरीचा हेवा केला, भत्त्याचा केला, ताटावर आडव्या धरलेल्या हाताचा केला. पण त्या मोरीवर जेवढा हेवा वाटला तेवढा कधी वाटला नव्हता, कारण ही गोष्ट मला भुकेला राहूनही जमली नसती.

त्याने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “चौऱ्याहत्तर झालात,” तो म्हणाला. “दोन वर्षांनी मी निवृत्त होतोय. घाई करू नका. हळूहळू अडुसष्टवर या.”

आत येऊन बसलो. पहिलं वाढून झालं, जेवलो. सासूबाई दुसऱ्यांदा वाढायला आल्या, आणि आधी माझ्याकडेच आल्या. मी ताटावर हात आडवा धरला. लाजेने धरला की लोभाने, ते मला अजून सांगता येत नाही.

बायको शेजारीच बसली होती. ती खूश होऊन म्हणाली, “शिकलात बाई एकदाचे दाजींकडून.”