बारा चेंडूंवर दिलेले साडेचार तारे

या ब्लॉगवर मी गोल्फचं सामान वापरून बघते आणि लिहिते, ते तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. म्हणजे ज्यांच्याकडे क्लबचं सभासदत्व नाही आणि जे रविवारी सकाळी सरावाच्या रेंजवर बादलीभर चेंडू भाड्याने घेऊन खूश असतात, त्यांच्यासाठी. या वेळी मात्र भोर-वेल्ह्याच्या दोन दिवसांचं सांगणार आहे. डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा गोड बोलणं जमणार नाही.

सुरुवात एका मेलने झाली. जगताप सर, भोरचे निवृत्त क्रीडाशिक्षक. माझा लेख वाचून त्यांनी नवशिक्यांसाठीचा काठ्यांचा एक सेट घेतला होता. भाताची कापणी झाली की उत्रोलीच्या रिकाम्या खाचरात ते शनिवार-रविवारी सहा मुलींना गोल्फ शिकवतात. पंधरा दिवसांपूर्वी एकीने फटका मारला, काठीचं लोखंडी डोकं दांड्यावरून सुटलं आणि सायली नावाच्या मुलीच्या कानाजवळून सणसणत गेलं. तेव्हापासून एकही मुलगी येत नाही. कंपनीचं उत्तर त्यांनी सोबत जोडलं होतं: ‘सदर उत्पादन मान्यताप्राप्त मैदानावरच वापरावे.’ खाली सरांची एकच ओळ होती. ‘तुम्ही काय म्हणता?’

मी काय म्हणणार? साडेचार तारे मीच दिले होते.

कंपनीने मला परीक्षणासाठी पाठवलेला तोच सेट गाडीत टाकला आणि शनिवारी सकाळी सहाला निघाले. सातारा रस्त्याला खेड शिवापूरचा टोल आहे, फास्टॅग तपासून निघा. भोरला जायचं तर कापूरहोळला उजवीकडे वळायचं. मी सरळ गेले, कारण सरांनी आधी सारोळ्याला बोलावलं होतं, हायवेलगत इस्माईलभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात. नीरेच्या पुलाच्या अलीकडे गरम वडापाव मिळाला. रागात खाल्ला तरी चांगला लागला.

सर आपला सेट घेऊन आलेच होते; इस्माईलभाईंनी आधी त्यातली एक धड काठी घेतली. सांध्यावर जराशी आच दिली, पिळलं, आणि डोकं अलगद हातात आलं.

“हे बगा ताई, दांड्याचं टोक कसं चकचकीत हाय. हे घासून खरबरीत केल्याबिगर गम धरतच न्हाई. ह्यांनी घासलंच न्हाई. वर गम बी थेंबभर.”

मग माझी काठी. तिला आच देऊन देऊन भाई घामाघूम झाले. शेवटी डोकं निघालं, तर आतलं टोक व्यवस्थित घासलेलं आणि गम सगळीकडे भरपूर.

“सेट एकच म्हनता ना?” भाईंनी विचारलं. “मग हे काम येगळ्या हातचं हाय. तुमचा खास बनवून धाडलाय.”

नाव एक, डबा एक, रंग एक. परीक्षण करणारीला पक्का माल आणि दुकानातून घेणाऱ्याला हा! आणि वर मैदानाला मान्यता आहे का म्हणून विचारतात! अहो, खाचरातली माती आली होती का तुमचा गम चाटायला?

भाईंनी सरांच्या सगळ्या काठ्या उघडल्या, टोकं घासली आणि नव्याने बसवल्या. “उद्या सकाळपतुर हात लावू नका,” म्हणाले. काठ्या गाडीत आडव्या ठेवून आम्ही मागे फिरून भोरला गेलो. कापूरहोळपासून अर्धा तास धरा. वाटेत भाटघरचं पाणी दिसतं. एरवी मी दहा फोटो काढले असते, त्या दिवशी एकही काढला नाही. बाजारात दीडशे रुपयांत पोटभर थाळी मिळते, भात फारच सुरेख. लॉज बाराशेचा, स्वच्छ. संध्याकाळी सरांनी उत्रोलीचं खाचर दाखवलं. धसकटं काढून चोपून केलेली जागा, अंतरं दाखवायला चुन्याच्या रेघा. मुली मात्र नव्हत्या.

“सायलीची आई आता दर शनिवारी तिला घेऊन माहेरी जाते, वेल्ह्याला,” सर म्हणाले. “ती परत आली तर बाकीच्या येतील. तिच्याकडेच बघतायत सगळे.”

रविवारी सरांना सोबत घेऊन नसरापूरमार्गे वेल्हे. रस्ता वळणांचा आहे, पण समोर तोरणा दिसायला लागला की कंटाळा येत नाही. सायलीच्या आईने, मंगलताईंनी, पाणी दिलं, चहा दिला आणि मग विचारलं,

“सेट चांगलाय म्हणून तुमीच लिवलं व्हतं का?”

“हो.”

“किती येळा मारून बगितलं व्हतं?”

खोटं बोलता आलं असतं. “बारा चेंडू. रेंजवरच्या चटईवर.”

“बारा? आमी माठ घेताना धा जागी वाजवून बगतो. अन् तुमी बारा चेंडवांवर आमच्या पोरींच्या हातात हे दिलं?”

मी सारोळ्याचं सगळं सांगितलं. आता सांधे पक्के आहेत, असंही सांगितलं. त्या उठल्या आणि घरामागच्या मोकळ्या वावरात जाऊन उभ्या राहिल्या.

“सायली एवढ्याच अंतरावर व्हती. मारा.”

“मंगल, काहीतरीच काय!” सर ओरडले.

मी सरांची दुरुस्त केलेली काठी आणली, चेंडू ठेवला, पकड घेतली. हात वर जाईनात. हजारो वाचकांना ‘डोळे मिटून घ्या’ असं लिहिणारी मी, एका बाईसमोर ती काठी फिरवू शकले नाही.

“बाजूला व्हा,” मी म्हणाले.

“का? पक्कं केलंय न्हवं?”

त्या हटेपर्यंत मी काठी जमिनीला टेकवून ठेवली. त्या बाजूला झाल्यावर मी तळहाताला फोड येईपर्यंत चेंडू मारले. सायली एकेक आणून देत होती आणि फटक्यात वाकणाऱ्या माझ्या कोपराकडे बघून नाक मुरडत होती. काठीचं डोकं हललंसुद्धा नाही.

“ऱ्हायलं खरं,” मंगलताई म्हणाल्या. “पन त्या दिवशीबी आदी लई येळा ऱ्हायलंच व्हतं.”

पुण्यात आल्याबरोबर जुना लेख तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर हे सगळं लिहिलं आणि तारे काढून टाकले. कंपनीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. भावनेच्या भरात लिहू नका, नवा सेट पाठवतो, म्हणाले. मी विचारलं, “माझ्यासाठीचा, की दुकानातला?” तर म्हणे तो विभाग वेगळा. यापुढे दुकानातून विकत घेतलेल्या सामानावरच लिहीन, आणि ते मातीत वापरून.

काल सरांचा फोन होता. उत्रोलीत पाच मुली आल्या. इस्माईलभाई दुकान बंद ठेवून स्वतः काठ्या तपासायला गेले होते. सायली आली नाही. तिची आई अजून तयार नाही.

सर म्हणाले, “तुम्ही एकदा फोन करून समजावता का?” मी नाही म्हणाले. ती माझी मुलगी असती, तर मीही पाठवलं नसतं.