एका क्वार्टरातल्या दोन चुली

शिवाजी नगरच्या आमच्या क्वार्टरात चुली दोन. आतली सुनेची, मागच्या व्हरांड्यातली माझी. मुलगा एकदा म्हणाला होता, "बाबा, तीही ऑफिसातून दमून येते. रोज गरम पोळी कुठून आणायची?" मी म्हणालो, "नका आणू. माझं मी बघतो." दुसऱ्याच दिवशी छोटा सिलिंडर आणला. शाळा चौथीपर्यंत झाली, पण बोललेला शब्द मागे घ्यायला कुठल्याच मास्तरानं शिकवलं नाही.

परवा सरकारी सर्वेवाली बाई आली. पिशवीत लहानमोठ्या स्टीलच्या वाट्या. देशातली माणसं काय खातात ते मोजायचंय म्हणे. पहिलाच प्रश्न, "घर में चूल्हे कितने? जितने चूल्हे, उतने परिवार."

सून म्हणाली, "एक."

मी म्हणालो, "दो."

बाईनं मान वर केली. "तो बाबूजी, आपका अलग लिखूँगी. कल सुबह से बताइए, क्या-क्या खाया?"

मला बरं वाटलं. हा म्हातारा कुणाच्या जिवावर जेवत नाही, हे एकदा सरकारदरबारी नोंदलं जाऊ दे.

"सुबह चाय, पोहा."

"पोहा आपने बनाया?"

"बहू ने रखा था. ढँक के."

"दोपहर में?"

"खिचड़ी. मेरी अपनी." तिनं वाट्या मांडल्या. मी मधलीवर बोट ठेवलं. "ये वाली, दो."

"साथ में?"

सोबत आतली भाजी होती, आतलंच लोणचं. रात्री दोन पोळ्या, त्याही आतल्या. पोळी मला लाटता येत नाही. बायको होती तोवर गरजच पडली नाही. खाल्लेलं असं ओळीनं कोण आठवतं? समोर येतं, माणूस खातो.

"अब नमक दिखाइए, आयोडीन जाँचना है."

मी आतल्या ओट्याकडे बोट केलं. बाई हसली. "वाह बाबूजी! परिवार अलग, नमक उधार का! एक ही चूल्हा लिख दूँ?"

तेवढ्यात सून बोलली, माझ्याकडे न बघता, "नहीं, दो लिखिए. इनका अलग है."

माझा मान राखला, की मला कंटाळली, कळलं नाही. विचारायचं त्राणही उरलं नव्हतं.

संध्याकाळी खिचडी टाकली आणि रोजच्यासारखा वाटी घेऊन मिठाला आत गेलो. सुनेनं फडताळातून मिठाचं नवं कोरं पाकीट काढलं.

"हे घ्या बाबा. तुमच्याकडेच राहू द्या."

"एवढं कशाला?"

"आता लिहून गेलीय ना ती."

एवढं बोलून ती पोळ्यांकडे वळली. मी पाकीट आणि रिकामी वाटी घेऊन मागे आलो. पाकीट खिडकीत ठेवलं, फोडलं नाही. खिचडी अळणीच खाल्ली.