फाट्यावरची डाकबाई

डाकबाई कुणालाही अर्ध्या नावानं हाक मारत नसे. फाटकाशी स्कुटी थांबवायची, पाकिटावरचं नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट मोठ्यानं वाचायची आणि तो माणूस बाहेर येईपर्यंत वाचत राहायची. आमच्या गावात सुनांना नाव नसतं. कुणी रामटेकवाली, कुणी उमरेडवाली; जिथून आल्या त्या गावाच्या नावानं त्या जन्मभर ओळखल्या जातात. त्यामुळे तिनं भर गल्लीत एखाद्या सुनेचं नाव पुकारलं की म्हाताऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. उद्धट आहे, असं सगळे म्हणायचे. होतीच. मी त्यावर पांघरूण घालणार नाही.

आमचं गाव मौद्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. फाट्यावर एक पानठेला आणि त्याच्या बाजूला लोखंडी खांबावर लाल डाकपेटी. आधीचा डाकिया अख्ख्या गावाची डाक ठेल्यावर टाकून निघून जायचा. ठेलेवाले भाऊ ती तंबाखूच्या डब्याखाली दाबून ठेवायचे आणि येणारा-जाणारा ती चाळायचा. कुणाला बँकेची नोटीस आली, कुणाच्या पोरीला कुठून बोलावणं आलं, हे घरच्यांच्या आधी ठेल्याला कळायचं. डाकबाई रुजू झाली त्या दिवशी भाऊ म्हणाले, "ठेवून दे वं इथंच. मी देऊन टाकतो सगळ्याईले." ती म्हणाली, "पगार मले आहे गा, तुले नाही." आणि थैली उचलून गावात शिरली.

पेटीत सहसा काही नसायचं. कधी तर नुसतं गांधीलमाश्यांचं पोळं. तरी ती रोज कुलूप काढून आत हात घालायची. "आता कोण टाकते वं चिठ्ठी?" असं ठेल्यावरचे हसायचे. ती म्हणायची, "टाकणाऱ्याले इचारून पेटी उघडत नसते."

मलाही तिनं सोडलं नाही. मी मौद्याच्या इंग्रजी शाळेत शिकले, नंतर नागपूरला कॉलेजात गेले, आणि दोन्हीकडे गप्प राहिले. घरी आले की ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचे. एका सुट्टीत स्कुटीवरूनच तिनं विचारलं, "इंग्रजीत शिकून राहिली म्हणते, मंग बोलते कोणत्या भाषेत? माह्या कानावर तं एकबी नाही आली." मला हसू आलं. मी पुस्तकाचं पान उलटलं.

त्याच सुट्टीत मी ओसरीवर असताना ती रजिस्टर पत्र घेऊन आली. "वंदना नामदेव गिरडकर!" आबाजी, म्हणजे माझे आजोबा, खुर्चीत बसले होते. "या नावाचं इथं कोणी नाही," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते. आमच्या काकूला लग्नापासून सगळे रामटेकवालीच म्हणत आले, आणि पाकिटावर तिचं माहेरचं नाव होतं, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावरचं. ते नेमणुकीचं पत्र होतं; परत गेलं असतं तर दवाखान्यातली तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला मिळाली असती. मी आत स्वयंपाकघराकडे बोट केलं. डाकबाईनं ते पाहिलं, आबाजींनीही पाहिलं.

मग पत्र सुनेचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं. सुनेनं नोकरी करायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं. घरचा मोठा मी आहे. मी देईन तिले."

"मोठे तुम्ही आहा आबाजी, पण नाव तुमचं नाही." आणि ती पुन्हा पुकारू लागली. शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या. काकू पिठाच्या हातानं बाहेर आली, पदराला हात पुसून तिनं मोबाइलवर बोटानं सही केली आणि पत्र घेऊन आत गेली.

"तुही तक्रार करतो मी," आबाजी म्हणाले.

"करा ना. माह्याच थैलीतून जाईन ती."

त्यांनी खरंच केली. जुन्या सवयीनं पोस्टकार्डावर लिहिली आणि स्वतः जाऊन फाट्यावरच्या पेटीत टाकली. दुसऱ्या दिवशी डाकबाईनं पेटी उघडली, तर कार्डावरचं सगळं उघडंच. डाकबाई घरं फोडते, सुनांना चढवते, तिला काढून टाका. ठेल्यावर जो तो ते वाचू लागला. भाऊ म्हणाले, "फाडून टाक वं. कोण पाहून राहिलं?"

"डाक आहे ते," ती म्हणाली. "माह्यावर असली म्हणून का झालं?" तिनं शिक्का मारला आणि कार्ड पाठवून दिलं.

काकूच्या रुजू होण्याच्या दिवशी काकांनी आबाजींसमोरच मोटरसायकल काढली आणि तिला दवाखान्यात नेऊन सोडलं. महिनाभरानं तक्रारीच्या चौकशीला पोस्टाचे साहेब आले ते आमच्याच अंगणात बसले. माणूस भला होता. चहा घेता घेता म्हणाला, "बाई, वडीलधारे आहेत. माफी मागा, विषय इथंच संपवू."

"चूक असंन तं काढून टाका मले," डाकबाई म्हणाली. "माफी नाही मागत." तिच्या घरी तिच्याच पगारावर चूल पेटत होती, हे गावाला माहीत होतं.

तेव्हा काकू दारात आली. आबाजींसमोर तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं. "पत्र माझं होतं साहेब," ती म्हणाली. "इनं माझ्याच हातात देलं. इले काढाल तं तसं लिहून मी बी सही करीन." साहेबांनी कप खाली ठेवला. मी उठून काकूच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मला तेवढंच जमतं.

नोकरी वाचली. पण पुढल्या महिन्यात डाकबाईला कामकाजाच्या सोयीचं कारण सांगून नदीपलीकडची गावं दिली. ती कुणाचा निरोप घ्यायला आली नाही.

ती बाई घर मोडून गेली, असं आबाजी आजही म्हणतात. घर तसंच आहे. संध्याकाळी काकू दवाखान्यातून येते, चहा ठेवते आणि त्यांचं ब्लडप्रेशर मोजते. ते बाही वर करून दंड पुढे करतात. डाकबाईला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. तिनं माफी मागितलेलीही नाही.