कळंबचं निळं क्रीम

आमच्या शेडमध्ये क्रीमपेक्षा किस्से जास्त तयार होतात. क्रीमच्या डबीवर निदान एक्स्पायरी तरी छापता येते. किस्सा एकदा तयार झाला की तो मंचरच्या चहाच्या टपरीवरून नारायणगावच्या स्टँडपर्यंत जातो, आणि परत येतो तेव्हा त्यात मी चार वाक्यं जास्तच बोललेली असते! म्हणून म्हटलं, खरं काय घडलं ते एकदा आपणच सांगून टाकावं.

तर मी केमिस्ट. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. मुंबईत एका कॉस्मेटिक कंपनीत बरीच वर्षं फॉर्म्युलेशन केलं, म्हणजे कशात काय, किती आणि केव्हा मिसळायचं ते ठरवलं. मग गावाकडे परत आले आणि कळंबला, पुणे-नाशिक रोडपासून जरा आत, एक शेड भाड्याने घेतली. आम्ही सुरकुत्यांवरचं क्रीम बनवतो. त्यात पेप्टाइड असतं. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी माळ. आमची माळ कारखान्यात ओवलेली. झाडाला लागत नाही, जंगलात सापडत नाही. सिंथेटिक! हा शब्द मी मुद्दाम मोठ्याने उच्चारते, कारण सगळं भांडण याच शब्दावरून झालं.

भांडण कोणाशी? तर पुण्याच्या एका ब्रँडचे रोहनसर. त्यांना आमचं क्रीम त्यांच्या नावाने विकायचं होतं. ऑर्डर मोठी होती. शेडमध्ये काम करणाऱ्या बायकांचं पुढचं सगळं काम तिच्यावर अवलंबून होतं. अट एकच, डबीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक, भीमाशंकरच्या जंगलातून’ असं छापायचं. मी नाही म्हणायचे आणि ते पुन्हा यायचे.

*

आधी अण्णांचं सांगते. शेड त्यांची. त्यांची स्वतःची द्राक्षाची बाग आहे, त्यामुळे फवारणीतलं त्यांना सगळं कळतं.

आमच्या एका पेप्टाइडला तांबं जोडलेलं असतं. त्यामुळे क्रीम छान निळं होतं. पहिली बॅच निघाली त्या दिवशी अण्णा भाडं मागायच्या निमित्ताने आत डोकावले आणि भांड्याकडे बघून जागच्या जागी थांबले.

“आरं तिच्या! ताई, हे तर बोर्डो हाय!”

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. द्राक्षावर डावणीची बुरशी येऊ नये म्हणून मारतात. ते पण निळं.

“अण्णा, तांबं दोन्हीत आहे, पण हे वेगळं. हे चेहऱ्याला लावायचं.”

“बायामाणसांच्या तोंडाला काय डावणी येती व्हय?”

मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि पेप्टाइड समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बेदाण्याचं परत द्राक्ष व्हतं का?”

“नाही होत.”

“मंग तुमचं क्रीम करतं काय?”

“द्राक्षाचा बेदाणा व्हायला जरा उशीर लावतं.”

“एवढंच? आन् एवढ्यासाठी एवढं शिकलात?”

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, “अण्णा, तुम्ही छाटणीपासून तोडणीपर्यंत फवारण्या मारता. द्राक्ष अमर व्हावं म्हणून मारता का?”

अण्णा उठले. जाताना दोन डब्या घेऊन गेले. एक त्यांच्या घरच्या काकूंसाठी. दुसरी कोणासाठी ते मी विचारलं नाही, पण पुढच्या महिन्यापासून अण्णांचा चेहरा बाजारात लांबून चमकायला लागला!

*

आमची मशीन दत्ताभाऊ चालवतात. आधी ते दूध थंड करायच्या केंद्रावर होते, त्यामुळे तापमान हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. पेप्टाइड गरम झालं तर वाया जातं, हे त्यांना मी सांगितलं आणि त्या दिवसापासून ते त्याची काळजी बाळंतिणीसारखी घेतात.

पेप्टाइडचं पहिलं पार्सल नारायणगावपर्यंत आलं. पुढे कुरिअरवाला येईना. दत्ताभाऊ स्वतः आणायला गेले. खोकं केवढं, तर टीव्हीचं असावं एवढं. वडापच्या शेअर जीपमध्ये त्यांनी त्याच्यासाठी वेगळी सीट घेतली आणि वाटेत कोणालाही टेकू दिलं नाही. “औषध हाय, औषध हाय,” म्हणत कळंबला आणलं.

शेडमध्ये खोकं उघडलं. आत थर्माकोल. थर्माकोलच्या आत बर्फाच्या पिशव्या. पिशव्यांच्या आत एक डबा. डब्यात करंगळीएवढी बाटली आणि बाटलीच्या तळाशी चिमूटभर निळी पावडर.

दत्ताभाऊंचा चेहरा उतरला. बाटली उलटी करून बघितली, खोकं उलटं करून झटकलं.

“मॅडम, फसवलं राव आपल्याला! मी आत्ताच्या आत्ता जातो, कुरिअरवाल्याची गचांडीच धरतो!”

त्यांना थांबवता थांबवता पुरेवाट झाली. एवढ्याशा पावडरीत अख्खी बॅच होते, हे त्यांना पटायला अख्खी बॅच करूनच दाखवावी लागली.

*

रोहनसर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना ‘स्टोरी’ हवी होती. क्रीम काय, कुठेही बनतं म्हणाले. गिऱ्हाईक स्टोरी विकत घेतं.

“मॅडम, तुमच्या आजीच्या बटव्यातलं काहीतरी असेलच की! आपण तेच वापरू.”

“माझ्या आजीच्या बटव्यात तंबाखू होती.”

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “बरं, घराण्यात कोणी वैद्य? काही परंपरा?”

भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्याच खाली उभं राहून हा प्रश्न! मला राग आला, आणि तो मी लपवला नाही.

“सर, आमच्या घराण्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मुळ्या-पाल्याची पोथी कोण हातात देणार? आजोबांनी धम्म घेतला आणि पोरांना शाळेत घातलं. मी या पेप्टाइडपर्यंत पोचले ती कॉलेजच्या लॅबमधून. परंपराच छापायची असेल तर छापा, ‘यांच्या घरात शिकायची परंपरा आहे.’”

“नाही, ते... तसं ब्रँडमध्ये बसणार नाही,” रोहनसर म्हणाले. चहा मात्र पूर्ण प्यायले.

*

पुढच्या खेपेला त्यांनी मधला मार्ग आणला. पिशवीतून हिरडे काढले. भीमाशंकरकडच्या डोंगरात हिरडा भरपूर, ते खरंच.

“थेंबभर काढा टाका. मग जंगलातलं म्हटलं तर खोटं नाही ना?”

मी म्हटलं, “थांबा, आत्ताच टाकते.”

दत्ताभाऊंनी हिरडा उकळून काढा केला आणि गार केला. मी काचेच्या ग्लासात निळं पेप्टाइडचं पाणी घेतलं आणि रोहनसरांच्या हातात ड्रॉपर दिला. म्हटलं, मान तुमचा. त्यांनी थेंब सोडला. हिरड्यात टॅनिन असतं, ते तांब्याला जाऊन चिकटतं. बघता बघता सुंदर निळं पाणी काळपट-हिरवट झालं आणि तळाला गाळ बसला. गटारीचं पाणी बरं!

रोहनसर ग्लासाकडे बघत राहिले. “हे असं का झालं?”

दत्ताभाऊ म्हणाले, “नैसर्गिकच झालं, सर!”

*

क्रीम लागू पडतं की नाही, हे बघायची आमची एक पद्धत आहे. अर्ध्या चेहऱ्याला लावायचं, अर्धा तसाच ठेवायचा. म्हणजे माणूस तोच, ऊन तेच, जेवण तेच. फरक पडला तर तो क्रीमचाच. दोघी तयार झाल्या. एक अण्णांच्या घरच्या काकू, दुसऱ्या विमलमावशी. विमलमावशी आमच्याकडे डब्या भरतात. साठी ओलांडलेली आहे, बोलायला कोणाच्या बापाला भीत नाहीत.

“फक्त उजवा गाल,” मी दोघींना बजावून सांगितलं.

काकूंनी थोडे दिवस नियम पाळला. मग फोटो काढायला आल्या तेव्हा दोन्ही गाल सारखेच तुकतुकीत!

“काकू, डाव्याला पण लावलं?”

“लावलं! मंग काय करू? इकडून बघितलं तर सून, तिकडून बघितलं तर सासू! लग्नकार्यात कुठल्या पंगतीला बसायचं मी?”

काकू ट्रायलमधून बाद झाल्या. डबी मात्र त्यांनी परत दिली नाही.

विमलमावशींनी शेवटपर्यंत इमानाने उजव्याच गालाला लावलं. भाचीच्या हळदीतही एकाच गालाला हळद लावून घेतली, दुसरा पदराने झाकून बसल्या. बायकांना वाटलं दाढ दुखतेय. ट्रायल संपल्यावर आम्ही एकाच उजेडात फोटो काढून जुळवले. उजव्या डोळ्याच्या कडेच्या रेघा थोड्या बारीक झाल्या होत्या. थोड्याच. चमत्कार नव्हता, पण जे होतं ते खरं होतं. मला इतका आनंद झाला की मी मावशींना मिठी मारली. मावशी म्हणाल्या, “हळू! डावा गाल अजून म्हातारा हाय!”

*

त्या थोड्याशा फरकावर रोहनसरांचं भागेना. एक दिवस ते फोटोग्राफर घेऊनच आले. मावशींना झाडाखाली बसवलं, हातात पानांची टोपली दिली आणि कॅमेऱ्यासमोर बोलायला सांगितलं, “मी फक्त जंगलातल्या वनस्पती वापरते.”

मावशी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “जंगलात मी सरपणाला जायची. तिथं काटं गावत्यात, गोचिड्या गावत्यात. क्रीम न्हाई गावत. क्रीम त्या शेडात व्हतं, ह्या ताई करत्यात.”

“कट! मावशी, परत एकदा.”

मावशी परत तेच बोलल्या. फक्त गोचिड्यांचं जरा वाढवून सांगितलं!

शेवटी रोहनसरांनी नुसता फोटो काढून घेतला. फोटोग्राफरने टॅबवर बोट फिरवलं, एक रेघ पुसली, दुसरी पुसली, कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट केलं आणि टॅब मावशींपुढे धरला.

मावशींनी बराच वेळ बघितलं. “ही कोण?”

“तुम्हीच, मावशी!”

“मंग उद्यापासनं हिलाच बोलवा कामाला. पगार तेवढा माझ्या घरी धाडा.”

सगळ्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत. “डोळ्यापाशी माझी एक रेघ बारीक झाली, ती खरी. बाकीच्या कुणाला इचारून पुसल्या? कांद्याच्या वावरात उन्हानं पाडल्यात त्या. माझ्या हायत.”

फोटोग्राफर तरुण होता, पण शहाणा निघाला. त्याने तो फोटो मावशींच्या समोर डिलीट केला आणि न पुसलेला मला पाठवून दिला. तो मी शेडच्या दाराशी लावला आहे.

*

आणि हा शेवटचा.

रोहनसर छापलेली लेबलं घेऊनच आले होते. गुळगुळीत कागद, वर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब आणि खाली ‘शंभर टक्के नैसर्गिक’. नाशिकहून येताना ते नारायणगावच्या मार्केटपाशी टोमॅटोच्या गाड्यांच्या गर्दीत अडकले होते, त्यामुळे आधीच वैतागलेले. टेबलावर लेबलं ठेवून म्हणाले, “मॅडम, आज हो किंवा नाही. आता परत येणार नाही.”

मशीन बंद होती. बायकांचे हात थांबले. खरं सांगते, या ऑर्डरशिवाय पुढे काय, हे मलाही माहीत नव्हतं. पण ज्या शब्दासाठी मी शिकले, तोच डबीवरून पुसून टाकायचा? मी लेबलांचा गठ्ठा त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, “नाही. सिंथेटिक आहे, सिंथेटिकच लिहिणार.”

रोहनसरांनी माझा नाद सोडला आणि ते विमलमावशींकडे वळले. मावशी आमच्याकडे यायच्या आधी बरीच वर्षं टोमॅटोचे क्रेट भरायला जायच्या, हे त्यांना कोणीतरी सांगितलं असावं.

“मावशी, तुम्हीच समजवा यांना. तुमच्या कामाचा प्रश्न आहे. मी आत्ताच मार्केटमधून आलो. तिथे काय चाललंय? सगळे चांगले टोमॅटो क्रेटच्या वर लावतायत. तुम्हीही लावतच असाल की नाही?”

मावशींनी हातातली डबी खाली ठेवली. पदराला हात पुसले.

“लावतो की, साहेब. रोज लावायचो. लाल, टणक माल वर. मऊ असंल ते खाली.”

रोहनसर खूश झाले. माझ्याकडे बघून म्हणाले, “बघा! यालाच मार्केटिंग म्हणतात!”

“पन साहेब,” मावशी म्हणाल्या, “खाली बी टोमॅटोच असत्यात. वांगी न्हाई भरत आमी!”